काळ्या नदीच्या दरीत: मॉरिशसच्या रानातले दिवस

मॉरिशसला जाणारे बहुतेक मराठी प्रवासी किनाऱ्यावर उतरतात आणि किनाऱ्यावरूनच परततात. निळं पाणी, प्रवाळाची भिंत, शामारेलची सात रंगांची माती, गंगा तलावचं दर्शन, झाली सहल. आम्हाला मात्र बेटाच्या मधल्या उंच पठारावर जायचं होतं. मॉरिशसचं स्वतःचं म्हणावं असं जे काही रान उरलंय, त्यातलं बरंचसं नैऋत्येकडच्या ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात आहे. १९९४ साली हे उद्यान जाहीर झालं. क्षेत्र साधारण ६,५०० हेक्टर, म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या अभयारण्यांपुढे लहानच. पण चांगल्या अवस्थेतलं मूळ जंगल अख्ख्या बेटावर दोन टक्क्यांहूनही कमी शिल्लक आहे. जगात दुसरीकडे कुठेही नसलेले पक्षी, पाली आणि झाडं या तुकड्यांत तग धरून आहेत. ते बघायचे आणि ते कसे टिकवले जातायत हेही बघायचं, म्हणून नोव्हेंबर निवडला. पक्ष्यांच्या विणीचा हा काळ, आणि चक्रीवादळांचा मोसम अजून भरात आलेला नसतो.

सोबत माझी मावसबहीण होती. ती वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळे झाडांची बाजू तिची आणि पक्ष्यांची माझी, अशी वाटणी घरून निघतानाच झाली होती.

मंगळवार: शामारेल

विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला, आमचा मुक्काम नैऋत्येला. रस्ताभर दोन्ही बाजूंना ऊस. डच १५९८ साली आले तेव्हा या बेटावर मनुष्यवस्ती नव्हती आणि डोंगरापासून किनाऱ्यापर्यंत जंगल होतं. डचांनी एबनीचं काळं लाकूड तोडून नेलं, त्यांच्यामागून आलेल्या फ्रेंचांनी आणि मग इंग्रजांनी ऊस वाढवत नेला. १८३४पासून त्या उसावर राबायला हिंदुस्थानातून गिरमिटिये आणले गेले. त्यांत कोकणातली माणसंही होती. आमच्या गाडीच्या चालकाचे पूर्वज त्यांच्यातलेच, रत्नागिरीकडचे. घरात क्रेओल बोलतात, मराठी शाळेत शिकलेली. "गणपतीला या ताई, इथे सुट्टी असते," असं त्यांनी पहिल्या दहा मिनिटांतच सांगून टाकलं. पुढचे सगळे दिवस तेच आमच्याबरोबर होते. आम्ही त्यांना काका म्हणू लागलो.

मुक्कामी पोचून अंगणात बसलो तर समोरच्या तारेवर साळुंक्यांची जोडी. पपईवर शिपाई बुलबुल. गवतात ठिपकेवाला होला दाणे टिपतोय. थोड्या वेळाने डोक्यावरून ओळखीचा कर्कश आवाज करत पोपटांचा थवा गेला, आणि संध्याकाळी फाटकाजवळून एक मुंगूस सरसरत पलीकडे गेलं. बहीण म्हणाली, "अगं, आपण चिपळूणलाच आलोय की!"

या यादीतलं एकही नाव इथलं नाही. साळुंकी अठराव्या शतकात टोळ खायला म्हणून आणली. बुलबुल आणि पोपट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पिंजऱ्यांतून सुटले आणि पसरले. मुंगूस १९००च्या सुमारास उंदीर मारायला आणलं, त्याने जमिनीवरचे पक्षीही मारले. आपल्या परसात जे पाहून बरं वाटतं, तेच इथे परक्याचं घर बळकावून बसलंय. हे आधी वाचलेलं होतं, तरी त्या अंगणात बसून ते मान्य करायला मला जड गेलं. पोपटांच्या थव्याकडे तर मी सवयीने मान वर करून कौतुकानेच पाहत होते.

बुधवार: पेत्रँ ते माकाबे

पहाटेच निघालो. पेत्रँ हे उद्यानाचं पठारावरचं प्रवेशद्वार. इथे वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि हवा आंबोलीसारखी: आत्ता ऊन, आत्ता धुकं, कपडे कायम दमट. उद्यानात शिरायला पैसे पडत नाहीत. माहिती केंद्राच्या मागेच खुरट्या झुडपांचा ओलसर माळ सुरू होतो. झुडपं बुटकी असली तरी वयाने लहान नाहीत, बहीण म्हणाली. मातीत कस कमी, पाणी साचलेलं, त्यामुळे वाढ थांबून थांबून होते.

त्या माळावर केवड्याच्या जातीची बेटं आहेत. मॉरिशसमध्ये केवड्याच्या कुळातल्या कितीतरी जाती फक्त इथल्याच आहेत. एका बेटापाशी बहिणीने हात धरून थांबवलं. पानाच्या काटेरी कडेवर एक पाल उन्हं खात बसली होती. पाल म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं तसं तिच्यात काहीच नव्हतं. अंग पोपटी हिरवं, पाठीवर लाल ठिपके, शेपटीकडे रंग निळा होत गेलेला. बोटभर लांबीची. आम्ही दोन हातांवर उभ्या राहिलो तरी ती हलली नाही, फक्त जिभेने स्वतःचा डोळा पुसला.

या निळ्या शेपटीच्या पालीवर एक अख्खं झाड अवलंबून आहे. रुसिया नावाचं वेलीसारखं चढणारं हे झुडूप जगात फक्त मॉरिशसच्या डोंगरांत उरलंय. त्याच्या जाड पाकळ्यांच्या फुलांत डोकं घालून मध पिणारी ही पालच त्याचं परागीकरण करते, आणि त्याचं फळ खाऊन बियाही तीच पसरवते. पालीला लपायला केवड्याची दाट बेटं लागतात. म्हणजे केवडा तोडला की पाल जाते, आणि पाल गेली की रुसियाला फळ धरत नाही. त्यात बाहेरून आलेल्या मुंग्या त्या फुलांत ठाण मांडतात आणि पालीला जवळ येऊ देत नाहीत. एवढी नाजूक साखळी आहे आणि तिची प्रत्येक कडी कुणीतरी ओढतंय.

पेत्रँहून माकाबेची वाट रुंद आणि सपाट आहे. सुरुवातीचा बराच पल्ला दोन्ही बाजूंना चिनी पेरूचं रान लागतं. हे लाल, बोराएवढ्या फळांचं ब्राझीलचं झुडूप. खोडं अंगठ्याएवढी, सरळ, आणि इतकी चिकटून वाढलेली की त्यांच्यात हात घालायलाही जागा नाही. खाली जमिनीवर दुसरं काही उगवलेलं नाही. काका म्हणाले, मार्च ते जून लोक पिशव्या घेऊन हे पेरू तोडायला येतात, मीठ-मिरची लावून खातात, कुटुंबंच्या कुटुंबं येतात. लोकांच्या आवडीचं फळ आहे आणि जंगलाचा गळा आवळणारं झाडही तेच आहे. माकडं, डुकरं आणि बुलबुल त्याच्या बिया पसरवतात. डुक्कर माती उकरतं, त्या उकरलेल्या मातीत पेरू उगवतो. माकडं बहुधा सतराव्या शतकाच्या आरंभीच जावाकडून जहाजांबरोबर आली. सांबराच्या जातीची हरणं १६३९ साली डचांनी मांसासाठी आणली, ती आता मूळ झाडांची रोपं वर येऊ देत नाहीत.

मग कुंपण लागलं. आतलं रान बघून मी काही क्षण बोललेच नाही. बाहेर पेरूची अंधारी भिंत, आणि आत उजेड. उंच खोडं, त्यांवर शेवाळं आणि ऑर्किडं, खाली नेचे आणि वेगवेगळ्या पानांची वीतभर रोपं. बहीण एकेका झाडापाशी जाऊन थबकत होती. एबनी, आपल्या टेंभुर्णीच्या कुळातली. तांबालाकोक, मोहाच्या कुळातलं, डोडोच्या गोष्टीमुळे प्रसिद्ध झालेलं. डोडोच्या पोटातून गेल्याशिवाय याचं बी रुजतच नाही असं १९७७ साली एका शास्त्रज्ञाने मांडलं होतं. पुढे ते टिकलं नाही, बी डोडोशिवायही रुजतं. पण त्या गोष्टीत शिरायच्या आधी बघावं असं झाड आहे ते, सरळसोट आणि करड्या सालीचं.

अशी कुंपणाची क्षेत्रं १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून तयार होत गेली. कुंपण घालून डुकरं आणि हरणं बाहेर ठेवायची, आणि आतला पेरू, प्रिव्हेट आणि इतर उपरी झाडं माणसांनी हाताने उपटून काढायची. आम्ही गेलो तेव्हा पाच-सहा कामगार ओळीने बसून पुढे सरकत होते. त्यांच्यातल्या एका बाईंनी मला कसं उपटायचं ते दाखवलं. रोप दोन बोटांत बुडाशी धरायचं, आधी थोडं हलवायचं, मग सरळ वर. मूळ तुटलं तर पुन्हा फुटतं. शेजारीच तसंच दिसणारं दुसरं रोप होतं, त्याला हात लावू दिला नाही, ते इथलं होतं. पानाच्या शिरा आणि चकाकी यांवरून त्या बाई एका नजरेत फरक ओळखत होत्या. मी काकांमार्फत विचारलं, की एकदा साफ केलं की किती दिवस टिकतं? त्या हसल्या आणि म्हणाल्या, पक्षी रोज बी टाकतो, आम्ही पुन्हा येतो.

दुपारी पेत्रँला परतलो तेव्हा गुलाबी कबुतर दिसलं. मी त्याला शोधत नव्हते, ते खाद्याच्या फळीवर उतरलं होतं. आपल्या पारव्याहून मोठं आणि जड. डोकं आणि छाती फिकट गुलाबी, पंख गडद तपकिरी, शेपटी विटकरी, पाय लाल. दोन्ही पायांत रंगीत कड्या, कारण जवळजवळ प्रत्येक पक्ष्याची नोंद ठेवलेली आहे. त्याने दोन दाणे उचलले, मान तिरकी करून आमच्याकडे पाहिलं, आणि घाई न करता पुन्हा खायला लागलं. या निर्धास्तपणानेच त्याचा घात केला असणार, कारण रानात सुटलेलं मांजर दबा धरून बसलेलं असलं तरी ते असंच चरत राहतं.

१९९०-९१मध्ये रानात ही कबुतरं दहाच्या आसपास उरली होती. सगळी उद्यानातल्या एकाच भागात, परदेशी देवदारांच्या एका राईत घरटी करणारी. उंदीर अंडी खात होते, मांजरं पिल्लं नेत होती, आणि पाळीव किंवा बाहेरून आलेल्या कबुतर-होल्यांकडून आलेला घशाचा रोग उरलेल्यांना मारत होता. मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन, सरकारचं राष्ट्रीय उद्यान खातं आणि निसर्गलेखक जेराल्ड डरेल यांनी जर्सी बेटावर उभी केलेली संस्था यांनी मिळून पिंजऱ्यात वीण केली, पक्षी सोडले, सापळे लावले आणि खाद्याच्या फळ्या उभारल्या. आता रानात चारशेहून अधिक गुलाबी कबुतरं आहेत. २०१८ साली धोक्याच्या यादीत ती एक पायरी खाली आली. ही बातमी मी तेव्हा वाचली होती आणि मनात त्या कामावर पूर्णविराम दिला होता. फळीपाशी उभं राहिल्यावर वेगळंच दिसलं. दाणे रोज टाकले जातात, सापळे रोज तपासले जातात. हे थांबवलं तर काय होईल याची परीक्षा घ्यायला इथल्या कुणाची तयारी नाही.

गुरुवार: पाऊस, दरी आणि गंगा तलाव

सकाळभर पाऊस. प्लेन शांपान्यच्या रस्त्यावर धुकं इतकं की समोरची गाडी दिसेना. दुपारी उघडीप मिळाली आणि दरीचा सज्जा गाठला. खाली काळी नदी, समोर हिरवे कडे, आणि कड्यांसमोर पांढरे पक्षी तरंगत होते. लांब दोन पिसांची शेपटी असलेला हा समुद्रपक्षी, इथे त्याला पाय-आँ-क म्हणतात. समुद्रात मासे पकडायचे आणि घरटं मात्र या आतल्या कड्यांच्या कपारीत. वरून पाहताना त्याची पाठ दिसते, ही संधी किनाऱ्यावर मिळत नाही.

सज्ज्यावर माकडांची टोळी खाऊची वाट बघत होती, आणि लोक देत होते. तिथून जवळच असलेल्या गंगा तलावावरही तेच. महादेवाची १०८ फुटी मूर्ती, तळ्याकाठी देवळं, उदबत्तीचा वास, आणि नैवेद्याची केळी पळवणारी माकडं. महाशिवरात्रीला लाखो लोक इथे चालत येतात. त्यांच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे, मीही हात जोडले. पण माकडाला केळं देऊ नये असं मला तिथे मनापासून वाटलं, आणि आमच्या पुढच्या कुटुंबातल्या मुलाला मी तसं सांगितलंही. हीच माकडं रानात जाऊन पक्ष्यांची अंडी खातात आणि पिकायच्या आधीच मूळ झाडांची फळं तोडून टाकतात. मुलाने केळं स्वतः खाल्लं.

शुक्रवार: पोपट, खरुची आणि वटवाघळं

सकाळी पुन्हा माकाबेच्या बाजूला, एको पोपटासाठी. हा मॉरिशसचा उरलेला एकमेव मूळ पोपट. आपला पोपट त्याचाच जवळचा नातलग, आणि आता प्रतिस्पर्धी. दोघांना घरट्यासाठी जुन्या झाडांच्या ढोल्या लागतात आणि जुनी झाडंच थोडी. लांबून दोन्ही सारखे दिसतात. एको अंगाने भरलेला, रंग गडद, शेपटी आखूड, आवाज खालच्या पट्टीतला. आमच्यासमोर फांदीवर मादी बसली तेव्हा शंका उरली नाही, कारण तिची चोच काळी होती. आपल्या पोपटात नर-मादी दोघांचीही चोच लाल असते. ती एका पायात फळ धरून सोलत होती, साल खाली टाकत होती. साल माझ्या पायापाशी पडली, ती मी वहीत ठेवणार होते, पण उद्यानातून काही नेऊ नये म्हणून तिथेच ठेवली.

१९८०च्या दशकात हे पोपट जेमतेम दहा-बारा असतील. घरट्यात दोन-तीन पिल्लं निघाली तरी अन्नाअभावी बहुतेकदा एकच जगायचं, म्हणून उरलेली पिल्लं काढून हाताने वाढवली. ढोल्या दुरुस्त केल्या, त्यांत पाणी शिरणार नाही असं केलं, माकडं आणि उंदीर चढू नयेत म्हणून खोडांना गुळगुळीत पत्रे ठोकले. २००५मध्ये चोच आणि पिसं झडण्याच्या रोगाची साथ आली, तीही हे सोसून गेले. आता संख्या सातशेच्या वर आहे.

दुपारी बेटाच्या दुसऱ्या अंगाला, फेर्नेच्या खोऱ्यात. हे उद्यानाबाहेर आहे, पण मॉरिशसची खरुची तिथे दिसण्याची शक्यता जास्त. १९७४ साली या शिकारी पक्ष्याचे जगात चार ज्ञात जीव होते आणि त्यांत वीण करणारी मादी एकच. १९५० आणि ६०च्या दशकांत हिवतापाच्या डासांवर मारलेलं डीडीटी पालींतून त्याच्या अंगात गेलं होतं. वर, कोंबड्या पळवतो म्हणून लोक त्याला मारायचे. खरं तर हा पक्षी मुख्यतः पाली खातो आणि वजनाने पाव किलोही नसतो.

१९७९ साली वेल्सचे पक्षीतज्ज्ञ कार्ल जोन्स इथे आले. त्यांना खरुची वाचवण्याचा प्रकल्प आवरता घ्यायला पाठवलं होतं, ते चाळीसहून अधिक वर्षं या बेटाशी बांधलेले राहिले. पहिली अंडी काढून घ्यायची म्हणजे मादी दुसऱ्यांदा घालते, काढलेली अंडी यंत्रात उबवायची, पिल्लांना मांस भरवायचं, मग रानात सोडायचं. १९९४पर्यंत शेकडो पक्षी सोडले गेले आणि सगळ्यांना वाटलं, साधलं. काम थांबलं. त्यानंतर संख्या पुन्हा उतरत गेली आणि २०१४ साली या पक्ष्याला परत अधिक धोक्याच्या गटात टाकावं लागलं. जंगल तेवढंच राहिलं होतं, ढोल्या तेवढ्याच, माकडं आणि मुंगसं वाढलेली. मला या सगळ्या प्रवासात सर्वांत जास्त विचारात टाकणारी गोष्ट हीच. पक्षी वाचला असं आपण ज्या दिवशी लिहितो, त्या दिवसाचं त्या पक्ष्याला काहीच नसतं.

खरुची आली ती झाडांच्या आतून. गोल, आखूड पंख, त्यामुळे फांद्यांमधून वळणं घेत येते, उघड्यावर घिरट्या घालत बसत नाही. पांढऱ्या छातीवर काळे बदामी ठिपके. खालच्या फांदीवर बसून तिने मान सरळ केली, खोडावर काहीतरी हललं, आणि पुढच्या क्षणी फांदी रिकामी होती.

परत येताना काकांनी एका लिचीच्या बागेपाशी गाडी थांबवली. अंधार पडता पडता डोंगराकडून मोठी वटवाघळं येऊ लागली, एकेक करत, जड पंखांनी. ही फळं खाणारी वटवाघळं मॉरिशस आणि शेजारच्या रियुनियन बेटाखेरीज कुठेच नाहीत. डोडो गेला, मोठे पोपट गेले, राक्षसी कासवं गेली, त्यामुळे मूळ झाडांच्या मोठ्या बिया लांब नेणारं आता जवळजवळ हेच उरलंय. आणि लिची-आंब्यांची नासाडी करतात म्हणून सरकारने २०१५पासून काही हंगामांत त्यांची मोठी कत्तल करवली. पहिल्याच वर्षी तीस हजारांच्या आसपास मारली. २०१८ साली या जातीला संकटग्रस्त ठरवावं लागलं. काकांच्या भावाची स्वतःची लिचीची झाडं आहेत. काका म्हणाले, "ताई, घड उतरवायच्या आदल्या रात्री झाड रिकामं झालं की माणूस रडतो." तेही खरंच आहे. त्या बागेत काही झाडांवर जाळ्या लावलेल्या होत्या. जाळ्यांसाठी सरकार अनुदान देतं. उंच जुन्या झाडांवर जाळी चढवणं कठीण, म्हणून फांद्या छाटून झाडं बुटकी ठेवायची. हा मार्ग खर्चाचा आहे, कष्टाचा आहे, पण चालणारा आहे. बंदुकीने फळं वाढल्याचं मात्र काका सांगू शकले नाहीत.

शनिवार: ईल-ओ-एग्रेत

माहेबूरजवळच्या प्वांत जेरोमहून होडीने काही मिनिटांतच हे बेट येतं. २६ हेक्टरची प्रवाळ-चुनखडीची चकती. राष्ट्रीय उद्यानाचा भाग नाही, वेगळं राखीव क्षेत्र आहे, पण आठवडाभर पाहिलेलं सगळं इथे एका नजरेत येतं. मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन १९८०च्या दशकापासून हे बेट सांभाळतंय. उंदीर आणि मांजरं हटवली, उपरी झाडं उपटली, मूळ रोपं लावली. उंदीर नसलेली जमीन कशी असते ते इथे कळलं. दर दोन पावलांवर टेलफेअरचा सरडा बाजूला होत होता, साप-सुरळीच्या जातीचा पण हातभर लांब. मुख्य बेटावरून तो कधीच संपला होता. उत्तरेच्या राउंड आयलंडवर तेवढा उरला होता, तिथून तो इथे आणला.

वाटेत एक अजस्र कासव आडवं बसलं होतं. ते मूळचं सेशेल्समधल्या अल्दाब्रा बेटांचं. मॉरिशसच्या दोन्ही मूळ जाती खलाशांनी खाऊन संपवल्या. इथल्या एबनीची फळं खाऊन बिया पसरवणारं कुणी उरलं नव्हतं, रोपं आईच्या झाडाखालीच उगवून मरायची. म्हणून २००० साली अल्दाब्राची कासवं आणली. त्यांच्या पोटातून गेलेल्या बिया जास्त चांगल्या रुजतात हे दिसून आलं, आणि जिथे एबनी तोडून संपली होती तिथे नवी रोपं आली. आमच्या वाटाड्या मुलीने शेणासारख्या वाळक्या गोळ्यातून दोन बारीक पानं वर आलेली दाखवली. बहीण गुडघ्यांवर बसली ती उठेचना. तिने त्या रोपाचं माप घेतलं, पानं पालथी करून पाहिली, वहीत चित्र काढलं. होडीवाला हाका मारत होता.

या बेटासमोरच २५ जुलै २०२० रोजी 'वाकाशियो' हे मालवाहू जहाज प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यातलं सुमारे १,००० टन तेल समुद्रात गेलं. गावोगावचे लोक उसाची वाळकी पाती आणि कापलेले केस पिशव्यांत भरून, शिवून, तरंगते बांध करून पाण्यात सोडत होते. बेटावरचे दुर्मीळ पक्षी, सरपटणारे प्राणी आणि रोपवाटिकेतली हजारो रोपं घाईघाईने हलवली गेली. त्या पक्ष्यांत मॉरिशसचा चष्मेवालाही होता. आपल्या चष्मेवाल्याचा हा नातलग आता जगात शंभर-दीडशे जोड्यांपुरताच आहे, आणि उद्यानात उंदीर त्याची घरटी साफ करतात, म्हणून त्याला या बेटावर दुसरं घर करून दिलेलं. आम्हाला तो दिसला. झुडपातून हिरवट-करडं काहीतरी सुळकन गेलं, डोळ्याभोवतीचं पांढरं कडं तेवढं स्पष्ट दिसलं. वाटाड्या मुलगी म्हणाली, त्या वर्षी मी शाळेत होते, आमच्या वर्गाने पिशव्या शिवल्या. आता ती इथेच काम करते.

रविवार: निघण्यापूर्वी

उड्डाण रात्री होतं, म्हणून सकाळी पुन्हा पेत्रँ. काकांनी या वेळी त्यांच्या नातवाला आणलं होतं. तो आठ वर्षांचा, इथेच वाढलेला, आणि त्याने गुलाबी कबुतर कधी पाहिलेलं नव्हतं. पाऊण तास थांबल्यावर दोन आली. एकाच्या पायात कड्या होत्या, दुसऱ्याच्या पायात नव्हत्या, म्हणजे ते बहुधा रानातच जन्मलेलं आणि अजून कुणाच्या हाती न लागलेलं. केंद्रातल्या माणसाने हे लगेच टिपून घेतलं, वेळ आणि जागा लिहिली, आणि नातवाला दुर्बीण दिली.

जाणार असाल तर काही गोष्टी. पेत्रँ ते माकाबे ही वाट सोपी आहे, पण तिथून खाली काळ्या नदीच्या केंद्राकडे उतरणारी वाट निसरडी आणि खडी आहे, पावसात टाळा. पेत्रँहून नदीपर्यंतचं अंतर दहा किलोमीटरच्या आसपास पडतं, तेव्हा गाडी खालच्या टोकाला बोलावून ठेवा. रेनकोट घ्या, आणि जळवांपासून वाचवणारे खास मोजे नकोत, नुसते जाड मोजे पुरतात, इथे चिखल भरपूर. बूट जाण्याआधी आणि निघताना घासून धुवा, तळव्याच्या खाचांतून बिया जातात. माकडांना काही देऊ नका. ईल-ओ-एग्रेतची फेरी आधी आरक्षित करावी लागते, वाटाड्याशिवाय उतरता येत नाही, आणि त्या तिकिटाचे पैसे बेटाच्याच कामाला लागतात.